पातळ मीठ

"कचरू, ट्यूब नीट धर. पाहुण्यायच्या अंगावर फुस्स करू नको," धर्मराज साहेब म्हणाले. खुर्च्यांवरचे सगळे हसले.

मी ट्रकची ट्यूब छातीशी धरून उभा होतो. तिच्यात आंबवणीच्या टाकीतला गॅस भरला होता.

आमचा कारखाना शहागडच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. मळी आंबवून स्पिरिट काढायचं काम. धर्मराज साहेब तिथले मॅनेजर. २००७ साली औरंगाबादहून एक मॅडम आल्या. टाकीतून निघणारा गॅस पकडायला त्यांनी बाटलीत मीठ आणलं होतं. मीठ, पण पातळ, एरंडेलासारखं दाट. ते गॅस पितं आणि तापवलं की परत सोडतं, असं त्यांनी सांगितलं. साहेब अशी मान हलवत होते, की जणू ते मीठ त्यांच्याच शेतात पिकलं. मांडव, शाली, नारळ, पेढे. हवेचा एवढा सत्कार मी पहिल्यांदाच पाहिला.

याच टाकीत माझी बायको गोजर गेली. त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. टाकी रिकामी झाली की तळाचा गाळ काढायला बायका उतरत. आमच्या गावात पेव, म्हणजे जमिनीतला धान्याचा खड्डा, उघडला की आधी दोरीनं दिवा सोडतात. दिवा विझला तर कोणी उतरत नाही. गोजरनं त्या दिवशी दिवाच मागितला.

"इथं स्पिरिट हाय बाई, दिवा चालत न्हाई," साहेब म्हणाले होते. "आन् टाकीत निस्ता गाळ हाय. जल्दी उतर."

दिव्याचं त्यांचं खरं होतं. दिव्याऐवजी काय, ते त्यांनी सांगितलं नाही. गोजरला वर काढल्यावर त्यांनी पंचांना सांगितलं, की बाईचं काळीजच कमजोर होतं. तिच्यासोबतची द्वारकाबाई बोलायला लागली, तर तिला महिनाभर घरी बसवलं. जी बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन नदीवरून येई, तिचं काळीज कमजोर. तिला काही रोग नव्हता, एवढं एक वाक्य मला साहेबांच्या तोंडून हवं होतं.

मॅडमनी टाक्यांपासून लांब, ऑफिसपुढं, दोन बरण्यांत मेणबत्त्या ठेवल्या. पेटवायला साहेबांनी खिशातून काडेपेटी दिली. माझी काडेपेटी रोज गेटवर काढून घेतात.

आधी गॅस मिठातून पहिल्या बरणीत सोडला. मेणबत्ती जळत राहिली. मग थेट ट्यूबमधून दुसऱ्या बरणीत सोडला. मेणबत्ती लगेच विझली. टाळ्या पडल्या. आमच्या टाकीत हा गॅस कसा भरपूर आहे, ते साहेब माईकवर अभिमानानं सांगू लागले.

मी मॅडमना विचारलं, "ह्याच्यात मानूस उतरला तर?"

"उतरूच नये काका. आधी पंखा लावून टाकीतली हवा बदलावी लागते. नाहीतर चांगला धडधाकट माणूससुद्धा वाचत नाही."

मी साहेबांकडं वळलो. "मंग गोजरचं काळीज बराबर होतं ना, साहेब?"

साहेबांनी माईक बंद केला आणि मला पेढे वाटायला सांगितलं.

मी विझलेली मेणबत्ती उचलली आणि सकाळीच रिकामी केलेल्या टाकीकडं गेलो. तिथं द्वारकाबाई आणि दोघीजणी खराटे घेऊन उतरायच्या तयारीत होत्या. मी मेणबत्ती टाकीच्या तोंडाशी उभी केली. पेटवली नाही. कारखान्याचा नियम मोडायचा नव्हता.

द्वारकाबाईनं मेणबत्तीकडं पाहिलं. पदर खोचलेला होता, तो सोडला आणि खराटा खाली ठेवून बसली. दोघीही बसल्या.

मांडवातून साहेब पेढ्यांसाठी मला जल्दी जल्दी म्हणून हाका मारत होते.