आईच्या ब्लाउजची आतली बाजू

आमच्या आईचे कपडे तिला नेहमी चापूनचोपून बसायचे. बसणारच, शिवणकाम हाच तिचा धंदा होता. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीत कात्री, गळ्यात टेप, आणि शाळा उघडायच्या आधी दोन महिने गणवेशांचा हा एवढा ढीग. तो ढीग अजून माझ्या स्वप्नात येतो आणि जाग आल्यावर बरं वाटतं. मशीनच्या खडखडाटात दादा आणि मी अभ्यास करायचो, म्हणजे तसं सोंग आणायचो. मशीन थांबलं की जेवण, एवढं आम्हाला पक्कं कळायचं.

आधी आम्ही तिघं बसायचो: बस चालवणारे बाबा, दादा आणि मी. दादा खादाड होता, मीही काही मागे नव्हते. आई वाढायची. बाबा रोज तिला म्हणायचे, तूही बस. ती रोज म्हणायची, एवढी बाही लावते आणि बसते. मग आमचे हात धुऊन व्हायचे आणि विषय तिथेच मिटायचा. किती सुखाचे दिवस होते ते! आमच्यासाठी.

मी सतरा वर्षांची असताना फ्लूची साथ आली. बाबांनी ती बसमधून घरी आणली आणि आम्ही चौघंही आडवे झालो. दादा तिसऱ्या दिवशी उठून डबे धुंडाळायला लागला, चौथ्या दिवशी बाबा आणि मी उठलो. आई मात्र सहाव्या दिवशी धापा टाकायला लागली. ओठ निळसर पडले, तेव्हा आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. तिला ऑक्सिजन लावला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? बाबा म्हणाले, उतरलेलं नाही, जुने कपडे अजून नीट बसतात तिला. बाईंनी आईचा दंड दोन बोटांत धरून दाखवला.

"विषाणू चौघांना एकच झाला," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगात झुंजायला ताकद होती. यांच्या अंगात काही उरलेलंच नाही. दोन दिवस अवघड आहेत."

कपडे आणायला मला घरी पाठवलं. घडी घालताना तिचा ब्लाउज उलटा झाला. आत एका बाजूला टिपांच्या चार रांगा होत्या, प्रत्येक आधीच्या रांगेपेक्षा बोटभर आत. दुसऱ्या बाजूलाही तेच. आई दर वर्षी नवी टीप मारून स्वतःचे कपडे लहान करत होती, आणि हात इतका सफाईदार की बाहेरून काही दिसू नये. मला तिचा भयंकर राग आला. मग माझा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

ते दोन दिवस बाबा हॉस्पिटलच्या बाकावरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिची धाप कमी झाली. नर्सने दूध आणि उकडलेलं अंडं आणून दिलं. आईने अंड्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्याकडे सरकवला.

"घे. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

"आई, सगळं तू खा," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

माझा आवाज चढला होता. ती बावरली. भिंतीकडे थोडं तोंड वळवून, चोरून खाल्ल्यासारखे छोटे छोटे घास घेऊ लागली. मी खुर्ची ओढून जवळ बसले. आईला जेवताना मी पहिल्यांदाच बघत होते.