दवाखान्याची रंगीत तालीम

आमच्या आरोग्य खात्यात कुठलाही नवा दवाखाना उघडायच्या आधी त्याची रंगीत तालीम होते. कुणीतरी रोगी बनतो, दारातून आत येतो, आणि तो कुठे अडखळतो ते बाकीचे बघतात. डोळ्यांच्या दवाखान्याच्या वेळी आमचे साहेब पट्टी बांधून इतक्या ऐटीत चालले, की थेट कुंडीत जाऊन बसले.

यंदाचा दवाखाना होता खाण्याशी वैर धरलेल्यांसाठी. कुणी उपाशी राहतं, कुणी चोरून भरमसाट खातं आणि मग स्वतःलाच शिक्षा करतं. आराखडा माझा होता आणि जीवही माझाच टांगणीला लागला होता. माझी भाची, आम्ही तिला चिमणी म्हणतो, वर्षभर याच दुखण्यात होती. दिसायला मात्र ठणठणीत. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, मला काही झालेलं नाही. बहिणीने समजावलं, मी रागावले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी तिला तालमीत रोगी व्हायला बोलावलं. नाटकाची हौस तिला लहानपणापासूनच, लगेच तयार झाली. माझा डाव तिला कळला नसेल असं मी धरून चालले. मी स्वतःला फार हुशार समजते.

तर चिमणी आत आली. खुर्च्या ऐसपैस, भिंती फिकट पिवळ्या, सगळं माझ्या मनासारखं. नर्सबाईंनी तिला आधी वजनकाट्यावर उभं केलं, कारण साहेबांनी ऐनवेळी एक नियम घुसडला होता: ठरावीक वजनाच्या खाली असेल त्यालाच प्रवेश, नाहीतर गर्दी आवरणार नाही. मी कडाकडा भांडले होते, पण सत्तेपुढे शहाणपण चालत नाही.

नर्सबाई काटा बघून प्रसन्न हसल्या. "छान आहे वजन तुमचं. तुम्हाला इथे यायची गरज नाही."

चिमणी काट्यावरून उतरली नाही.

"मग अजून किती कमी करून येऊ?" तिने विचारलं.

नाटकातलं वाक्य समजून साहेब हसायला लागले, आणि तिचा चेहरा बघून थांबले. साहेब माणूस हट्टी, पण दगड नाही. खाली बघतच त्यांनी सांगितलं की तो नियम आत्ताच काढून टाका आणि काटाही आतल्या खोलीत न्या. मग घसा खाकरून म्हणाले, तालीम पुन्हा पहिल्यापासून घेऊ.

चिमणी दाराबाहेर गेली. परत येते की तशीच घर गाठते, मला सांगता येईना. पण आली. या वेळी नर्सबाईंनी तिला खुर्ची दिली आणि काय होतंय एवढंच विचारलं. ती खुर्चीच्या हातावर नखाने रेघा ओढत राहिली. मला कुठला दम निघतोय. तिच्या वतीने सांगायला मी तोंड उघडलंच.

"मावशी, तू बाहेर थांब," चिमणी म्हणाली. "मला यांच्याशी बोलायचंय. खरंखुरं."

अजून उद्घाटन व्हायचंय, असं साहेब काहीतरी पुटपुटले. त्यांचा दंड धरून मी त्यांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा दाराला कान न लावता बाकावर बसून मनसोक्त रडले.