बावीस नंबरचं निळं छप्पर

नकाशा डेलिथनेच केला होता, आणि आता तोच तिच्या उरावर बसला होता. फेब्रुवारीत ती नोकरीला असलेल्या गृहसंस्थेने विमानातून अख्ख्या खोऱ्यातल्या भाड्याच्या घरांचे उष्णतेचे फोटो काढले. ज्या छपरातून ऊब वाया जाते ते लाल, जे धरून ठेवतं ते निळं. लाल घरांना हिवाळ्याआधी छपराखाली ऊब धरणारं अस्तर मिळणार, निळ्यांना नाही. त्यातल्या एका गल्लीत कोळशाच्या खाणीवरल्या लोकांसाठी एकाच साच्यातून काढलेली बावीस घरं. एकवीस लालभडक, शेवटचं तेवढं निळंशार.

तिथे एलुनेड प्रॉसर एकट्या राहायच्या. ऐंशीला टेकलेल्या, छातीने अधू. गार घरात आणखी एक हिवाळा झेपायचा नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. घर निळं का, हे डेलिथला कुणी सांगायला नको होतं. बाई हीटर लावतच नसणार. जिथे ऊबच नाही तिथून वाया काय जाणार, कपाळ? पण साहेबांना घर गार असतं याचा पुरावा हवा होता. भेट एकदाच. डेलिथच्या हातातलं यंत्र घरातलं तापमान मोजणार आणि जागा-वेळेसकट थेट कचेरीत पाठवणार. यादी त्याच संध्याकाळी बंद.

दार उघडलं आणि गरम हवेचा झोत डेलिथच्या तोंडावर आला. घर भट्टीसारखं तापलं होतं.

"ये गं पोरी. आधी कोट काढ," प्रॉसरबाई म्हणाल्या. डेलिथच्या शाळेत जेवण वाढायच्या तेव्हाचाच हुकूम.

"बाई, हीटर कधीपासून चालू आहे?"

"कालपासून. तू येणार म्हणून पत्र आलं ना. पाहुणीला कुडकुडत बसवू होय? माझ्या आईने थडग्यातून उठून कान उपटला असता."

"आणि एरवी?"

"एकटीसाठी कोण जाळतं? दोन स्वेटर आहेत, मांजर आहे."

"वर बुरशी आली होती म्हणाला होतात. दाखवता?"

"शी, लाज वाटायची बघून. रविवारी रंग मारला."

यंत्राने सत्तावीस अंश दाखवले आणि ते पाठवूनही टाकले. डेलिथने अंगणात जाऊन साहेबांना फोन लावला.

"माझ्यासाठी लावला हो त्यांनी हीटर."

"घर तापतंय ना? मग झालं. एकेकाची रडगाणी कुठे ऐकत बसू?"

ती आत आली. बाईंनी तव्यावरचे गरम मनुक्यांचे केक पुढे सरकवले.

"काय म्हणतोय तुझा नकाशा?"

खरं सांगायचं तर पाहुणचारच तुमच्या मुळावर आला असं म्हणावं लागलं असतं. डेलिथने एक केक उचलला.

"घर चांगलं आहे म्हणतोय."

"बघ. मला काय धाड भरलीय? ज्यांना खरी गरज आहे त्यांना मिळू दे."

डेलिथने केक संपवला आणि ती निघाली. फाटकाशी वळून पाहिलं तर भिंतीतल्या हीटरच्या नळीतून येणारी वाफ थांबलेली. प्रॉसरबाई खिडकीत उभ्या राहून हात हलवत होत्या. त्यांनी कोट घातला होता.