चर्चच्या दारातला नकार

“नाही. माझं लग्न झालेलं आहे. ख्रिस्ताशी.”

थोरल्या बहिणीचा, एडिवाचा, लग्नाच्या दिवशीचा तो आवाज लेवेवाच्या कानात अजून ताजा होता. आता मात्र खिडकीतून नुसती धाप ऐकू येत होती. चर्चच्या भिंतीला बिलगून बांधलेली ती कोठडी. एडिवा जन्मभराच्या प्रार्थनेसाठी आत गेली त्याच दिवशी दार चिणलेलं. लेवेवानं वाटाण्याच्या पेजेचा वाडगा आत सरकवला आणि पडद्याआडच्या हातानं तो नीट धरीपर्यंत सोडला नाही.

मठातून आलेले ब्रदर ओडो पायरीवर बसले होते. एडिवा चार दिवसांची सोबतीण. तिचं चरित्र लिहायचं होतं. त्या नकाराची गोष्ट त्यांनी लेवेवाकडून पुन्हा वदवून घेतली. नवरदेव ऑस्बर्न दारात उभा, पाद्रीबाबांनी विचारलं, राजी आहेस का, आणि एडिवानं मान वर केली. गावच्या बायकांनी त्यावर जात्यावरचं गाणं रचलं होतं. लेवेवाही तेच गात दळायची.

“आणि ऑस्बर्न?”

त्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? डुक्कर कापलेलं, जवाची दारू गाळलेली. बापानं परसातून धाकटीला, लेवेवाला, मनगट धरून आणलं, पिठाच्या हातांनी तशीच. त्याच दारात, त्याच सकाळी.

ब्रदर खुलले. “म्हणजे एकीला स्वर्गातला वर, दुसरीला घरातला. दोघीही सुखी.”

“लेकरं झाली,” लेवेवा म्हणाली.

ऑस्बर्न प्यायला की तिला एडिवा म्हणून हाक मारायचा, मरेपर्यंत. ते तिनं सांगितलं नाही.

ब्रदर गेले. काळा पडदा हलला. एडिवाचा हात बाहेर आला. बिशपांनी ख्रिस्ताची वधू म्हणून घातलेली अंगठी बोटात सैल झाली होती.

“लेवे, तुझ्यासाठी रोज प्रार्थना केली गं. विचारलं मात्र कधी नाही. तू काय म्हणालीस त्या दिवशी?”

अंगठी गळून पडू नये म्हणून लेवेवानं ते बोट मुठीत धरलं.

“पेज निवतेय, ताई.”

“सांग.”

जाणाऱ्या जिवाच्या पदरात हे कशाला घालायचं, म्हणून लेवेवा तिचा हात हलकेच आत सारू लागली. पण तो हात मागे जाईना.

“मीही नाहीच म्हणाले होते, ताई. तुझ्या नावाचा गलका चालला होता. पाद्रीबाबांना नुसते ओठ हलताना दिसले.”