दारातून न निघणारं कपाट

जब्बार सुताराचं दुकान म्हणजे नुसता पसारा. शिंदखेड्यातल्या त्या पत्र्याच्या शेडात भुसा, फळ्या, तुटक्या खुर्च्या, कुणी परत न नेलेल्या खाटा, सगळं एकावर एक रचलेलं. पण उद्या त्याच्या पोरीचा, अर्शीचा निकाह, वऱ्हाड इथंच बसायचं. म्हणून पितांबर सकाळीच शेतातला झेंडू पोत्यात भरून गावाकडून आला. चाळीस वर्षांची दोस्ती, बोलावण्याची वाट कोण बघतो?

दोघांनी मिळून निम्मं दुकान झाडलं, झेंडू ओवला. दाराला माळ लावायची म्हणून पितांबरनं सुतळीनं दाराची रुंदी मापली, गाठ मारली नि सुतळी खांद्यावर टाकली. तेवढ्यात अजान झाली. जब्बार नमाजाला निघाला आणि जाताना बजावून गेला, की कोपऱ्यातल्या ताडपत्रीला हात लावू नकोस. आता एवढं सांगितल्यावर हात न लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय!

ताडपत्रीखाली सागवानी कपाट निघालं. दोन झडपांचं, झडपांवर मोर. पितांबरनं ते बघताक्षणी ओळखलं.

हे कपाट त्यानंच करायला सांगितलं होतं, आपल्या पोरीच्या, दिपमालाच्या लग्नात द्यायला. मोर तिनं स्वतः वहीच्या कागदावर काढून दिला होता. मग पोरीनं ठरलेली सोयरीक मोडली आणि जळगावात आपल्या मनानं लग्न केलं. पितांबर तणतणत इथं आला नि म्हणाला, तोडून चुलीत घाल ते. त्याला पाच वर्षं झाली. पोरीचा फोन आला की बायको बोलायची आणि हा शहाणा उठून ओट्यावर जाऊन बसायचा. कपाटाचं एकदा विचारलं, तर जब्बार म्हणाला होता, अर्धवट सांगाडा आहे, दारातून निघत नाही, सवडीनं तोडीन.

अर्धवट कसलं? पॉलिश केलेलं, कड्या बसवलेल्या, मोराला डोळेसुद्धा कोरलेले. पितांबरनं सुतळी काढून कपाटावर आडवी धरली. गाठ कपाटाच्या कडेपुढं वीतभर गेली, म्हणजे कपाट दारातून सहज निघत होतं. अहो, जन्मभर दारं-कपाटं करणारा माणूस आपल्याच दाराचं माप चुकेल का?

तो खाटेवर बसला आणि पोटभर रडला. सकाळपासून दुसऱ्याच्या पोरीसाठी फुलं ओवत होता, स्वतःच्या पोरीच्या दाराला त्यानं आंब्याचं पानसुद्धा बांधलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तिची आठवण तर थांबेचना.

जब्बार परत आला. उघडं कपाट बघितलं, त्यावरची सुतळी बघितली. खोटं पकडलं गेल्यावर माणूस जसा टोपी सारखी करतो, तशी त्यानं केली.

"तोडाले मन्हा हात नही चालना, भो," तो म्हणाला.

पितांबरनं उपरण्यानं तोंड पुसलं. निकाह उरकला की परवा टेम्पो सांग म्हणाला, कपाट जळगावला मी स्वतः घेऊन जातो. जब्बार माळ उलगडू लागला. मग हळूच विचारलं, "आनि तिनी दार नही उघाडं ते?"

"ते बाहेर बसी राहसू," पितांबर म्हणाला. "पाच वरीस ती बी बाहेरच बसनी."