आयरीनची सही

गव्हर्नर हॅस्केलला खुर्चीवरून खाली ओढायचंच, असं व्हर्ना डिकायझरने मनावर घेतलं ते राजकारणाच्या आवडीपोटी नव्हे, धाकट्या बहिणीसाठी. डॉटची मूत्रपिंडं कामातून गेलेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिला दवाखान्यात नेणारी काउंटीची बस हॅस्केलने खर्च कमी करायचा म्हणून बंद केली, आणि डॉट घरी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची तोंडं बघू लागली.

लोक आधी विधानसभेकडे गेले. महाभियोग चालवा म्हणाले. पण तिथे बहुमत हॅस्केलच्याच पक्षाचं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. प्रस्ताव समितीकडे गेला आणि त्याचं भिजत घोंगडं झालं. मग उरला मतदारांचा स्वतःचा रस्ता. मुदतीत पुरेशा सह्या जमल्या की गव्हर्नरला भर कारकिर्दीत पुन्हा निवडणुकीला उभं राहावं लागतं, आणि हरला तर घरी जावं लागतं.

म्हणून व्हर्ना सारा हिवाळा हार्डवेअरच्या दुकानाबाहेर घडीचं टेबल टाकून उभी राहिली. तिचा नवरा ऑर्व्हिल मात्र हॅस्केलचा पक्का माणूस. अंगणात त्याच्या नावाची पाटी, टोपीवर त्याचाच बिल्ला. तरी बर्फात बायकोने गाडी चालवू नये म्हणून तोच तिला पिकअपमधून आणायचा आणि हीटर लावून आत बसून राहायचा. अधूनमधून काच खाली करून कॉफी द्यायचा.

"घ्या बंडखोर बाई. माझ्या माणसाला पाडताना तुमची बोटं गोठायला नकोत."

"तुझ्या माणसापेक्षा तुझी कॉफी बरी आहे," व्हर्ना म्हणायची.

शेवटच्या दिवशी सकाळी डॉट स्वतः आली. सुजलेल्या हाताने, दम खात, तिने वेडीवाकडी सही केली. व्हर्नाचं सगळं लक्ष तिला खुर्चीत बसवण्यात. तेवढ्यात मार्विन कोल्बे आला, खाली स्वतःची सही केली आणि त्याच दमात बायकोची, आयरीनचीही करून गेला. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नसतं. नाताळचं कार्ड असो की चर्चची सोडत, तिथे नवराच दोघांचं नाव लिहितो.

दुपारी निवडणूक कचेरीत कागद द्यायला निघण्याआधी व्हर्ना पानाच्या तळाशी सही करायला बसली. वर छापलं होतं: या सर्वांनी माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने सह्या केल्या आहेत. तिचा हात थांबला.

"आयरीन तर आलीच नव्हती," ती म्हणाली.

"मग खोड तिचं नाव," ऑर्व्हिल म्हणाला. "खोटी शपथ घेतलीस तर आमची माणसं ते अख्खं पान उडवतील. मी सांगतोय म्हणजे बघ."

अख्खं पान म्हणजे डॉटचीही सही. व्हर्नाने पेन खाली ठेवलं.

"खोडते. पण तिला विचारून. तिला नव्याने सही करायची असेल तर? चल, गाडी काढ."

"म्हणजे हॅस्केलच्या विरोधातल्या सह्या गोळा करायला आता मीच दारोदार फिरायचं," ऑर्व्हिल कुरकुरला, पण गाडी त्याने काढली.

आयरीन स्वयंपाकघरात कोबी किसत होती. सगळं ऐकून तिने किसणी खाली ठेवली.

"व्हर्ना, मी हॅस्केलला मत दिलंय."

"तू? अगं, मार्विन तर सगळीकडे सांगत फिरतो की आमचं घर एकमताचं."

"लग्न झाल्यापासून प्रत्येक निवडणुकीत मी त्याच्या उलट मत देते. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. संसार छान चाललाय." तिने एप्रनला हात पुसले. "डॉटची बस यायला हवी, ते मलाही वाटतं. पण गव्हर्नरला मुदतीआधी काढणं मला पटत नाही. खोड माझं नाव. नाहीतर दे, मीच खोडते."

आणि तिने ते खोडलं, अगदी पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ. व्हर्नाला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. एक सही गेली, पान मात्र स्वच्छ झालं. तिने तळाशी सही ठोकली आणि मुदतीच्या आत कागद पोचते केले. कचेरीतल्या मुलीने पान पाहून मान डोलावली, तेव्हा कुठे व्हर्नाचा जीव भांड्यात पडला.

ऑर्व्हिल मात्र आयरीनच्या घरापासून टोपीवरचा बिल्ला सारखा चाचपत होता. शुक्रवारी संध्याकाळी मासा खायची गावाची रीत, म्हणून दोघं नेहमीच्या ठिकाणी तळलेला मासा खायला गेली. पलीकडच्या टेबलावरून मार्विनने विजयाचा ग्लास उंचावला. शेजारी आयरीन खाली मान घालून बटाटे खात होती. ऑर्व्हिलचा मासा तसाच गार होत होता.

"काय झालंय तुला?" व्हर्नाने विचारलं.

"हॅस्केलच्या पाठिंब्याचं पत्रक निघालं होतं गेल्या महिन्यात," तो ताटाकडे बघत म्हणाला. "सह्या घेत होते. सवयीने लिहून गेलो. ऑर्व्हिल आणि व्हर्ना."

व्हर्नाने काटा खाली ठेवला. सारा हिवाळा ती ज्याच्याविरुद्ध थंडीत कुडकुडली, त्याच्या पाठीराख्यांत तिचं नाव महिनाभर सुखाने नांदत होतं.

"उद्या फोन करतो त्यांना. काढायला सांगतो," तो घाईने म्हणाला.

"फोन नाही. तू मला तिथे न्यायचं, आणि माझं नाव मी माझ्या हाताने खोडणार."

"नेतो."

"आणि बस येईपर्यंत डॉटला दवाखान्यात कोण नेणार?"

ऑर्व्हिलने पहिल्यांदा मान वर केली. टोपीवरचा बिल्ला त्याने नीट केला, काढला नाही.

"मी," तो म्हणाला. "पण मत मी हॅस्केललाच देणार."

"दे की," व्हर्ना म्हणाली, आणि त्याच्या ताटातला गार मासा तिने आपल्या ताटात ओढला. "फक्त तुझं एकट्याचं दे."