घटाच्या दिवसांतली कोळंबी

जोतीराम फौंड्रीतून घरी आला की आधी माशांच्या टाकीचा कोपरा चाचपायचा. बोट रोज ओलंच निघायचं. काचेच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, आणि ते वाळून तिथं मिठाचा पांढरा पापुद्रा धरत होता.

टाकी खाऱ्या पाण्याची होती, त्याच्या बायकोची, वर्षाराणीची. शिवाजी पेठेतल्या बाहेरच्या खोलीत बादलीत मीठ कालवून ती समुद्रातले मासे सांभाळायची. उन्हाळ्यात ती गेली. ती दवाखान्यात होती तेव्हा जोतीरामही तिथंच होता, आणि घरातले बरेच मासे मेले. पांढऱ्या पट्ट्यांची एक केशरी जोडी तेवढी तगली. तीही गेली तर वर्षाराणीच्या हातचं जिवंत असं घरात काही उरणार नव्हतं.

नवी टाकी आणून ठेवली होती. पण शोभेचे मासे विकणाऱ्या विश्वजितनं बजावलं होतं, "काका, घाई करायची न्हाई. तळाला रचायचा दगड आधी जिता व्हायला पायजे. आत्ता त्यो नुसता वाळका हाय. माशांच्या घाणीचं पाण्यात विष हुतंय. ते खाणारं जंतू दगडाच्या भोकाभोकात वस्तीला आलं पायजेत."

"ते आणू कुठनं?"

"तुमच्या घरातच हायत की. जुन्या टाकीतला दगड ह्या दगडांत ठेवा, विरजण लावल्यागत. आन् वर एक कोळंबी टाका. ती कुजली की जंतूंना खायला मिळतंय."

जोतीरामनं मोरीत मोठ्या टबात तसं केलं. रोज तो नळीत टबातलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचा. हिरवं झालं म्हणजे विष आहे, पिवळं राहिलं म्हणजे निघालं. पाणी गडद हिरवं झालं होतं, आता कुठं फिकं पडू लागलं होतं. दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर धरला होता. तिकडं जुन्या टाकीची गळती मात्र वाढत होती. कामावर साच्यात लोखंड ओतताना त्याला तो कोपराच दिसायचा.

अशात घट बसायचे दिवस आले. घट बसायच्या आधी घरातलं गोधडीपासून डब्यापर्यंत सगळं धुऊन काढायचं. यंदा ते करायला बाई नव्हती म्हणून उचगावची त्याची थोरली बहीण धोंडुबाई, म्हणजे आक्का, न सांगताच आली. किल्ली शेजारी असायची.

संध्याकाळी जोतीराम आला तेव्हा घरभर ब्लिचिंगचा वास होता.

"काय रं जोत्या, मोरीत कोळंबी कुजवून ठेवलीयास? घट बसायचं घर हे! दोनदा भाईर जाऊन बसलो, तवा जीव राहिला."

"आक्का, दगड कुठं हायत?"

"गच्चीवर, उन्हात. ब्लिचिंग लावून काथ्यानं घासलं. कसं लख्ख निघालं बघ. एक लई काळा हुता, त्योबी पांढरा केला."

काळा म्हणजे जुना. म्हणजे विरजणच गेलं. जोतीराम पायरीवर खाली बसला.

"आता टाकीतला त्यो काळा बोळा तेवढा धुतो, की झालं," म्हणत आक्का आत वळली.

तो धडपडत उठला. "हात लावू नकोस! आक्का, हात लावू नकोस त्याला!"

आयुष्यात तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. तिचा हात टाकीच्या काठावरच राहिला. तो बोळा म्हणजे पाणी गाळायचा स्पंज होता. जंतू आता फक्त त्याच्यात होते. जोतीरामनं तिला सगळं सांगितलं. टाकीच्या कोपऱ्यावर तिचं बोट नेऊन ओल दाखवली.

आक्कानं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "म्हंजे घटाच्या मातीवानीच की. शेतातली माती आणून मी ती भाजली, आन् आता धान उगवायची वाट बघत बसायचं."

"व्हय."

"आधी सांगायचंस की, मुडद्या."

"सांगितलं असतं तर ऐकली असतीस?"

"न्हाई," आक्का म्हणाली.

विश्वजितनं फोनवर उपाय सांगितला. ब्लिचिंगचा वास जाईस्तोवर दगड धुवायचे, अर्धा स्पंज कापून त्यांच्यात ठेवायचा, आणि पुन्हा एक कोळंबी. ह्या शेवटच्या गोष्टीपाशी जोतीराम अडला. दुसऱ्या सकाळी घट बसला. आता उठेपर्यंत घरात मासमच्छी यायची नव्हती, आणि आक्काला ते विचारायची त्याची छाती नव्हती.

आरती झाल्यावर आक्का पिशवी घेऊन कुठंतरी गेली. परत आली ती मागच्या दारानं, पिशवी अंगापासून लांब धरून.

"धर. एकच हाय. कोळीण हसत हुती, म्हणली, मावशी, एका कोळंबीचं काय कालवण करतीस?"

"आक्का, अगं घट..."

"देवीला मी सांगितलंय. देव्हाऱ्याकडं न्यायची न्हाई. आन् झाकण घट्ट लाव."

टाकीच्या कोपऱ्याखाली परात ठेवली होती. ती ओतायचं काम आक्कानं घेतलं. गळेल तेवढं पाणी जोतीराम वरून भरायचा. दसरा झाला, घट उठला, तरी नळीतलं पाणी हिरवंच. परात आता लवकर भरायला लागली. आक्का उचगावला जायचं नाव काढीना.

एका सकाळी थेंब टाकून तो नळी हलवत उभा राहिला. रंग बदलेना. त्यानं दुसऱ्यांदा पाणी घेतलं.

"हळदीवानी दिसतंय," मागून आक्का म्हणाली. "चांगलं का वाईट?"

"चांगलं," तो म्हणाला. पण लगेच दगडांना हात लावला नाही. विश्वजितला फोटो पाठवला, त्याचा होकार आला, तेव्हाच त्यानं दगड नव्या टाकीत रचले आणि मासे सोडले. जोडी सरळ खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"कुठं गेली रं?" आक्का घाबरून काचेला नाक लावून बघू लागली.

"दगडामागं. ते बघ, शेपटी."

जोतीरामनं नव्या टाकीच्या कोपऱ्याला बोट लावलं. कोरडं होतं. तरी त्यानं ते सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा लावून बघितलं.